समाविष्ट गावांत पाणी पोचेपर्यंत मोठ्या गृहप्रकल्पांना परवानगी थांबवावी का?

हवेलीकर
ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत आली, 30 जून 2021 ला आणखी 23. क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेलं. नळाचं पाणी मात्र हद्दीबरोबर सरकलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: जिथे पालिकेची जलवाहिनी आणि ड्रेनेज नाही, तिथे मोठ्या प्रकल्पांना परवानगी देऊ नका.

आज बिल्डर हमीपत्र देतो की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. ताबा दिला, सोसायटी स्थापन झाली की टँकरचा खर्च रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येऊन पडतो. आमच्या गेटवर टँकरची वेगळी वही आहे. गाडी किती वाजता आली, कोणत्या विंगच्या टाकीत रिकामी केली, कोणाची सही. मार्च लागला की ती वही भराभर भरते आणि मासिक सभेत दुसरा विषयच निघत नाही.

आराखडा
परवानगी थांबवून बांधकाम थांबतं हे कुठे पाहिलंत? आंबेगाव, नऱ्हे, धायरीत एकेका गुंठ्यावर उठलेल्या इमारती बघा. दोन इमारतींत हात पसरायला जागा नाही, अग्निशमनचा बंब आत वळत नाही. रीतसर परवानगी असली तर निदान रस्ता सुटतो, विकास शुल्क जमा होतं. तुम्ही म्हणता तसं केलं तर मध्यमवर्गीय माणूस अनधिकृत फ्लॅटच्या दारात जाऊन उभा राहील.

हवेलीकर
विकास शुल्क जमा होतं, पण कोणाकडे? 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली आणि लगेच राज्य सरकारने त्याच गावांसाठी पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. बांधकाम परवानगी आणि त्याचं शुल्क एकीकडे, पाणी आणि मैलापाण्याची जबाबदारी दुसरीकडे. नकाशा मंजूर करणाऱ्याला पाणी द्यायचंच नसेल तर तो नाही कशाला म्हणेल? अनधिकृत बांधकामांचा मुद्दा मान्य आहे, पण ती रोखता येत नाहीत म्हणून कोरड्या जागी बारा मजले मंजूर करायचे, हे पटत नाही.

शिवार
तुम्ही दोघंही फ्लॅटवाल्यांचंच बोलताय. आम्ही मूळचे गावचे. ग्रामपंचायत असताना सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येत होतं. पालिकेत गेलो आणि मार्च 2022 पासून तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. कर मात्र टप्प्याटप्प्याने पालिकेच्या दराकडे चाललेला. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने वर्षानुवर्षं शहराचा कचरा सोसला, शेवटी बाहेर पडायची मागणी लावून धरली. 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. बाकीच्यांनीही तेच करावं.

कसबेकरीण
बाहेर पडून पाणी कुठून आणणार? खडकवासल्यातूनच ना? 1997 मध्येही 38 गावं घेतली आणि दबाव आल्यावर 2001 मध्ये 15 सोडून दिली. सोडलेल्या गावांतली बांधकामं थांबली नाहीत, आणि त्यातली बरीचशी गावं 2017 मध्ये परत घ्यावीच लागली. मधल्या काळात वाढलेला पसारा निस्तरायला आता आमचाही कर जातो. माझ्या मते घ्यायची तर सगळी एकदम घ्या आणि राज्याने त्यासाठी वेगळा निधी द्यावा.

आराखडा
ताईंशी सहमत. निधी आला तर बंदी घालायची वेळच येणार नाही.

हवेलीकर
निधी यायला हवाच, पण तोवर काय? जानेवारी 2025 आठवा. किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण सापडले. तिथल्या काही गावांना खडकवासला धरणाजवळच्या विहिरीतून पाणी जायचं, तेही शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरिन टाकून. गावं पालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती. माणसं व्हेंटिलेटरवर गेली तेव्हा पाण्याचे नमुने घेण्याची धावपळ झाली.

म्हणून माझी मागणी सोडत नाही. परवानगी आणि पाणी एकाच यंत्रणेकडे द्या. बिल्डरचं हमीपत्र नको, पाणीपुरवठा विभागाने किती पाणी, कुठल्या टाकीतून आणि कधीपासून देणार हे लेखी द्यावं. ते नसेल तर बांधकाम सुरू करायचा दाखला देऊ नये. शिवार, तुमच्या गावातल्या विहिरींवरचा टँकरांचा उपसाही त्यानेच कमी होईल. तुम्हाला ह्यात नेमकं काय खटकतं ते लिहा.

शिवार
उपशाचं खरं आहे. आमची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. पण लेखी आश्वासनं आम्ही विलीनीकरणाच्या वेळीही ऐकली होती. आधी जलवाहिनीचं खोदकाम दिसू द्या, मग बोलू.