चर्चा धागा: गिटहबवरचे तारे बघून कारखान्याचं सॉफ्टवेअर ठरवायचं का?

शिरोलीकर
शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टॉक, हीट नंबर (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूचा क्रमांक) आणि डिस्पॅचच्या नोंदींसाठी मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असं, सॉफ्टवेअर निवडायचं होतं. निवड झाली ती गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर तारे, म्हणजे पसंतीच्या खुणा, कुणाला जास्त आणि फॉलोअर कुणाचे जास्त, एवढ्यावर. मला हे धोक्याचं वाटतं. तारा देणाऱ्यानं प्रोग्राम चालवून बघितलेलाच असतो असं नाही. बरेच जण नंतर सापडावं म्हणून खूण करून ठेवतात. शिवाय तारे विकत मिळतात. खासबाग कुस्ती मैदानात शिट्ट्या कुणाला जास्त पडल्या यावरून पैलवान ठरत नाही.

एसक्यूलाइट बघा. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हा डेटाबेस आहे. त्याचं मूळ काम गिटहबवर चालत नाही, फॉसिल नावाच्या त्यांच्याच प्रणालीत चालतं. बाहेरच्यांचा कोड ते सहसा घेत नाहीत. पण त्यांच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या 500 पटींहून जास्त आहे. गुणवत्ता तिथं आहे, आणि ती ताऱ्यांत दिसत नाही.

राजारामपुरी_गल्ली
ताऱ्यांबद्दल मान्य. पण म्हणून गिटहबवरचं माणसांचं जाळंच बाद करू नका. कोड वाचू शकणारा माणूस आपल्याकडच्या किती कारखान्यांत आहे? बाकीच्यांनी कशावर ठरवायचं? कोण कुणाच्या चुका दाखवतं, कुणाचे बदल स्वीकारले जातात, इश्यूला, म्हणजे नोंदवलेल्या अडचणीला, उत्तर कोण देतं, सगळं काम एकाच माणसावर आहे का, हे सगळं तिथं उघड्यावर असतं.

2014 मध्ये सापडलेली हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक आठवा. ती ज्यात होती त्या ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जगभरातली संकेतस्थळं चालत होती, पण पूर्णवेळ काम करणारा माणूस एक, आणि देणग्या वर्षाला साधारण 2000 डॉलर. ती चूक दोन वर्षं तशीच राहिली. तिथं राबणारी माणसं किती आहेत, हे आधी बघितलं असतं तर धोका कळला असता.

शिरोलीकर
ते जाळंच कुणी रचलेलं असेल तर? एक्सझेड युटिल्स या फाइली लहान करणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं तेच झालं. 'जिया टॅन' नावानं कुणीतरी 2021 पासून चांगलं काम करत राहिलं. थकलेल्या मूळ मेंटेनरवर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यावर, दुसऱ्या अनोळखी खात्यांवरून दबाव आला, की कामात आणखी माणसं घ्या. हळूहळू अधिकार त्या व्यक्तीच्या हातात गेले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या 5.6.0 या आवृत्तीत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, निघाला. तुम्ही सांगता त्या सगळ्या कसोट्यांवर हे खातं उतरलं असतं. पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं, एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे मोजून. मोजमापानं वाचवलं, ओळखीनं नाही.

पंचगंगाकाठ
अर्धीच गोष्ट सांगताय. फ्रॉइंड यांनी सुरक्षेच्या सार्वजनिक मेलिंग लिस्टवर लिहिलं, आणि लिनक्स या संगणक प्रणालीची वितरणं तयार करणाऱ्यांनी लगेच ती आवृत्ती मागे घेतली. एकट्यानं शोधलं, पण जगाला वाचवलं त्या जाळ्यानंच. बंद सॉफ्टवेअरमध्ये हा अर्धा सेकंद कुणी असा खोदत बसलं असतं, असं मला वाटत नाही.

उद्यमनगरचा_लेथवाला
भावांनो, तुमचं समदं वाचलं. माझा प्रश्न एगळा हाय. रातपाळीला प्रोग्राम बंद पडला तर फोन कुणाला करायचा? तारं देणारा काय उचलणार न्हाई. ईआरपीनेक्स्ट ह्ये कारखान्याच्या नोंदींचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्या नायतर दुसरं कुठलं बी घ्या, कोल्हापुरात, न्हाईतर निदान सांगली-पुण्यात, ते बसवून देणारा माणूस पायजे. आणि उद्या ते सोडायचं ठरलं तर आमच्या नोंदी आमच्या हातात परत पायजेत. हे आधी बघा, मग गुणवत्ता बोलू.

राजारामपुरी_गल्ली
दादा, तुमचा माणूससुद्धा त्या जाळ्यातलाच. तो त्या प्रकल्पात कधी काही दुरुस्त करून गेलाय का, हे त्याच्या गिटहब खात्यावर दिसतं. नुसतं बसवून देणारा आणि आतलं जाणणारा, यातला फरक तिथंच कळेल.

शिरोलीकर
एवढं मी मान्य करतो, माणूस निवडताना बघावं. सॉफ्टवेअर निवडताना मात्र आधी आपल्याच जुन्या नोंदी, महिनाभराच्या हीटसकट, त्यात भरून बघायच्या, बॅकअप परत चालू करून बघायचा, आणि मग काय ते ठरवायचं. फौंड्रीवाल्यांना मी हेच कागदावर लिहून देणार आहे. तारे-फॉलोअरचा तक्ता त्या कागदात मी घालणार नाही.

पंचगंगाकाठ
तक्ता नको, पण मेंटेनर किती आणि शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी झाली, या दोन ओळी तरी घाला. त्या नसतील तर त्या कागदाला माझा विरोध राहील.