इंग्रजी 'नीड' (need) म्हणजे गरज की आवश्यकता?

लॉरेन्स हॅमिल्टन या राजकीय तत्त्वज्ञांच्या कामावर मराठीत टिपण लिहितेय. जोहान्सबर्गचं विट्स आणि केंब्रिज अशा दोन्ही विद्यापीठांशी जोडलेलं राजकीय सिद्धांताचं अध्यासन त्यांनी सांभाळलंय, २००३ साली गरजांच्या राजकीय तत्त्वज्ञानावर पुस्तक, २०१४ मध्ये स्वातंत्र्यावर, २०१९ ला अमर्त्य सेन यांच्यावर. म्हणणं थोडक्यात असं की राजकारणाचा विचार नुसता हक्क आणि आवडीनिवडी धरून करून भागत नाही, लोकांच्या गरजांपासून सुरुवात करायला हवी. तर 'नीड'ला काय लिहू? आणि ते 'एजन्सी नीड्स' म्हणतात, म्हणजे माणसाला स्वतः ठरवून काही करता यावं यासाठीच्या गरजा, त्याला तर मला शब्दच सुचत नाहीये.

प्रतिसाद:
गरजच लिहा. 'अर्जासोबत फोटो आवश्यक' असं आपण म्हणतो, तिथे अट असते, माणूस दिसत नाही. गरज कुणाला तरी असते, मला, तुम्हाला, शेजारणीला. शब्द मूळ अरबी, तिकडे अर्थ हेतू, उद्देश असा आहे, हिंदीत 'खुदगर्ज'मध्ये तो स्वार्थापर्यंत गेला, आणि आपल्याकडे 'गरज सरो, वैद्य मरो'मध्ये त्याचा वास राहिलाय. तरी बोलताना हाच शब्द तोंडात येतो.

प्रतिसाद:
सहमत. अन्न, पाणी, निवारा यांना 'जीवनावश्यक गरजा' चालेल. एजन्सीला 'कर्तेपण' घ्या ना, घरातला कर्ता माणूस म्हणतो तसं. हॅमिल्टन त्यात आपले निर्णय आपण घेणं, इतरांनी आपली दखल घेणं वगैरे धरतात, म्हणजे पोट भरलं तरी या गरजा उरतातच. आपल्याकडे दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ च्या अभ्यासात दारिद्र्याची रेषा रोजच्या २,२५० कॅलरींवरून काढली, ते काम फार मोलाचं आहे, पण कर्तेपण कॅलरीत मोजता येत नाही.

मूळ लेखिका:
'कर्तेपणाच्या गरजा' एकदम पटलं! मग ज्यांना गरज आहे त्यांना 'गरजू' म्हणू ना?

प्रतिसाद:
कृपया नको. गरजू म्हटलं की हात पसरलेला माणूस डोळ्यासमोर येतो, आणि 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण तर त्याच्याकडून विचार करायचा अधिकारच काढून घेते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोवेटोमधल्या फिरी भागाचं बघा, तेव्हा दर घराला महिन्याला ६,००० लिटर पाणी फुकट मिळायचं, ते संपलं की पुढचे पैसे भरेपर्यंत प्रीपेड मीटर नळ बंद करायचं, मग तिथे घरात माणसं किती का असेनात. तिथले रहिवासी माणशी रोज ५० लिटर मागत कोर्टात गेले, शेवटी २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयात हरले, पाणी किती ते सरकारनं ठरवायचं असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पण आपल्याला किती पाणी लागतं ते त्यांनी स्वतः सांगितलं होतं, त्यासाठी लढले होते, त्यांना गरजू कसं म्हणायचं? टिपणात हा खटला घ्याच, आणि त्या लोकांना सरळ 'रहिवासी' लिहा.