मूड जातो म्हणजे विश्वास कमी पडतो का?

मिशनकंपाउंड_नगर
आमच्या मंडळीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट आली. म्हणे खऱ्या ख्रिस्ती माणसाचा मूड जातच नाही, आणि गेलाच तर प्रार्थना कमी पडली म्हणून समजा. प्रेषित पौलाने तुरुंगातून ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ लिहिलं, मग तुम्हाला पंख्याखाली बसून कसलं आलंय दुःख! खाली आमेनची रांग लागली होती. ग्रुपवर वाद नको म्हणून इथे लिहितोय.

हाच पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच सांगतो की आशिया प्रांतात आमच्यावर असं संकट आलं की आम्ही जगण्याचीच आशा सोडली. ते वचन सुविचाराच्या फोटोवर कधी येत नाही. बायबलातलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः म्हणतो, ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.’ त्याचीही प्रार्थना कमी पडली का?

आणि एलीया संदेष्टा. कर्मेलावर आकाशातून अग्नी उतरवून आलेला माणूस. ईजबेल राणीची धमकी आली आणि हा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवतो. खाऊन तो परत झोपतो, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. होरेबाचा डोंगर आणि तिथे देवाचा ‘इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर.

पहाटेची_स्तुती
पोस्ट माझी आहे. नाव घ्यायला संकोचलात, आभार.

दादा, संदर्भ तुमचे बरोबर असतील. पण मिस्टर गेले तेव्हा मला कुणी संदर्भ वाचून उठवलं नाही. सकाळी गॅसपाशी उभं राहून, नको नको होत असताना, मोठ्याने गीत म्हणायचे. पहिलं कडवं रडण्यातच जायचं. दुसऱ्यापर्यंत कुकर लावलेला असायचा. पोरांचे डबे असेच भरले मी. ४२व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता काय करतो? ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ स्वतःलाच दरडावतो. बरं वाटण्याची वाट बघत बसत नाही. आणि पौल व त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात असताना मध्यरात्री गात होते. आजकाल शनिवारी कंटाळा आला तरी लोक ‘डिप्रेशन’ म्हणतात. माझी चीड त्यावर आहे.

वसईकर_कॅथलिक
तुम्ही प्रोटेस्टंट लोक हे सगळं आत्ताच सापडल्यासारखं बोलता. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने ही मरगळ ‘भर दुपारचं भूत’ म्हणून लिहून ठेवलीय. संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटतो, सूर्य सरकला का म्हणून तो खिडकीकडे बघतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून डोकावतो. उपाय काय? खोली सोडू नकोस, हाताने काम कर, रडू आलं तर रड. ताईंचा कुकर त्यातच बसतो. कुमसाराला, म्हणजे फादरपाशी पापं कबूल करायला, गेलं तर ऐकणारा एक माणूस तरी असतो. तो घाईत असतो हा भाग वेगळा. आमच्या धर्मग्रामात सणाच्या आधी रांग इतकी लांब की

पेटीतबला
मधे बोलतो, माफ करा. मूड जातो कारण उपासनेत गाणंच उरलेलं नाही. ड्रम, कीबोर्ड, पडद्यावर हिंदी-इंग्रजी ओळी. वय झालेल्या माणसाने टाळ्या वाजवायच्या की कानात कापूस घालायचा? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन पेटीवर लागलं की आपोआप छातीतला दगड हलायचा. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक कपाटात धूळ खातंय.

तरुणसंघ_पुणे
काका, ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि इंग्रजी चालींवर वाढलेल्या मंडळीत अभंग-ओवी घातली, ती त्या काळची नवी चालच होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज काढला. आज असते तर तुमच्या पंच कमिटीने त्यांनाही आवाज कमी करायला सांगितलं असतं.

पेटीतबला
टिळकांच्या रांगेत ड्रमवाल्यांना बसवलंत, शाबास! पेटीचा भाता फाटून वर्ष झालं, दुरुस्तीला पैसे नाहीत. साउंड सिस्टिमला मात्र लगेच मिळाले.

तरुणसंघ_पुणे
ते पैसे आम्ही केक विकून जमवले. तुम्ही दोन घेतले होते, उधारीवर.

मिशनकंपाउंड_नगर
अहो, पेटीचा वेगळा धागा काढा!

नाइटड्युटी_सिस्टर
गाण्यावरून भांडून झालं असेल तर ऐका. आमच्या वॉर्डात एक मुलगा होता, मंडळीतलाच. मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू होऊन जरा बरा दिसायला लागला, तर कुणीतरी त्याला सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? त्याने एकदम बंद केल्या. परत आला तो आईलाही ओळख देत नव्हता. त्या आईच्या हातात बायबल होतं आणि ती मला विचारत होती की माझं काय चुकलं. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात.

ताई, तुम्ही त्या इंग्रज प्रवचनकार स्पर्जनची वचनं टाकता ना रोज? १८५६ मध्ये लंडनच्या सरे गार्डन्समध्ये त्याच्या उपासनेत कुणीतरी खोटंच ‘आग, आग’ ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर त्याला खिन्नतेचे झटके यायचे आणि तो ते लपवत नसे. त्याचा विश्वास कमी होता म्हणाल? रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे. पाळकसाहेबांनी तो नंबर सूचनाफलकावर लावला तर आभाळ कोसळणार नाही.

पहाटेची_स्तुती
गोळ्या बंद करा असं मी लिहिलेलं नाही. माझ्या पोस्टमधून कुणी तसा अर्थ काढला तर त्याला मी काय करू?

बरं. ‘प्रार्थना कमी पडली’ ही ओळ काढते. स्पर्जनचं मला माहीत नव्हतं, आता उद्या त्याचं वचन टाकताना तुम्ही सगळे हसणार. पण सकाळी गाण्याचं राहू देणार. ते तुमच्या देवदूताच्या भाकरीइतकंच खरं आहे.

मिशनकंपाउंड_नगर
राहू द्या की. माझं भांडण त्या एका ओळीशीच होतं. पन्नास आमेनवाल्यांना कोण सांगणार ते बघा.

पेटीतबला
उधारी दिली होती मी. कमिटीच्या वहीत बघा.