एनबीए प्लेऑफ्सच्या सकाळी (जून २०२५) : तुमचे अनुभव आणि अंदाज इथे लिहा

टोरोंटोहून_परत
आज एनबीए बास्केटबॉलच्या फायनलची पाचवी मॅच बघितली. ओक्लाहोमाचे थंडर १२०, इंडियानाचे पेसर्स १०९. थंडरच्या जेलेन विल्यम्सने ४० काढले, फार सुंदर खेळला. पण माझं सगळं लक्ष पेसर्सच्या हॅलिबर्टनच्या उजव्या पायाकडे. पहिल्याच क्वार्टरमध्ये पोटरी धरून आत गेला, पट्टी बांधून परत आला आणि अख्ख्या मॅचमध्ये एकही बास्केट नाही. चार पॉइंट्स मिळाले तेही फ्री थ्रोचे.

ते बघताना २०१९ आठवलं. आम्ही तेव्हा मिसिसागाला होतो. फायनलमध्ये टोरोंटोचे रॅप्टर्स वॉरियर्सवर ३-१ ने पुढे, पाचवी मॅच टोरोंटोत, १० जूनची रात्र. वॉरियर्सचा ड्युरंट पोटरीच्या दुखण्याने महिनाभर बाहेर होता, तो थेट फायनललाच उतरला. बारा मिनिटांत ११ पॉइंट्स. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मटकन खाली बसला आणि टाचेच्या वरचा भाग चाचपायला लागला. आमच्या हॉलमध्ये मराठी मंडळी भरली होती, त्यातल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे स्टेडियममध्येही काही जण ओरडत होते, रॅप्टर्सचेच लाउरी आणि इबाका हात हलवून त्यांना गप्प करत होते. मित्राचे बाबा भारतातून आलेले, बास्केटबॉलचा गंध नाही. ते सोफ्यावरून उठले आणि म्हणाले, "अरे, पोरगं पडलंय, टाळ्या कसल्या वाजवता?" सगळे गप्प. ड्युरंटचं अकिलीस (टाचेच्या वरचं जाड टेंडन) तुटलं होतं.

माझा अंदाज : सहावी पेसर्सच्या घरी आहे, ती ते जिंकतील, दहाच्या वर फरकाने. त्यांच्याकडे चांगले राखीव खेळाडू भरपूर आहेत, मॅककॉनेल, टॉपिन, मॅथुरिन कुणीही मॅच फिरवतो. सातवी थंडरची. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. हॅलिबर्टनने आता खेळू नये. पंचविशीतला मुलगा आहे, हातात अजून दहा वर्षं आहेत.

तुमच्याही प्लेऑफ्सच्या आठवणी येऊ द्या.

डब्यावाली_आई
सहाला मॅच सुरू आणि साडेसहाला व्हॅन. पोळ्या लाटताना ओट्यावर फोन उभा करून बघते. लेकाला वाटतं आई त्याच्यासाठी इतक्या लवकर उठते :) नंतर सविस्तर लिहिते, दूध उतू चाललंय.

नागपाडा_बॉईज
हॅलिबर्टन खेळणार. लिहून घ्या. फायनल आहे भावा.

आमच्या नागपाड्यात सिमेंटच्या कोर्टवर घोटा सुजलेला असताना पोरं खेळतात, तेही मोहल्ल्याच्या मॅचसाठी. इथे तर पेसर्सना एनबीएचं एकही विजेतेपद नाही. एबीए या त्या काळच्या दुसऱ्या लीगची तीन आहेत, सगळी सत्तरच्या दशकातली. असा चान्स कोण सोडेल?

फिजिओ_मिरज
थोडं कामाचं बोलते. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, ते खाली एकत्र येऊन अकिलीस टेंडन बनतं आणि टाचेच्या हाडाला चिकटतं. पोटरी दुखावली की उडी मारताना, झटक्यात पुढे निघताना ताण नेहमीसारखा वाटला जात नाही. म्हणून भीती असते. पण पोटरी दुखावली म्हणजे अकिलीस तुटणारच, असं मुळीच नाही. माझ्याकडे कितीतरी पेशंट पोटरी दुखावून येतात आणि बरे होऊन पळायला लागतात. निर्णय त्याच्या डॉक्टरांचा. पण धागाकर्त्यांची काळजी मला पटते.

याच प्लेऑफ्समध्ये बक्सचा लिलार्ड आणि बॉस्टनचा टेटम दोघांचं अकिलीस गेलंय.

बॉस्टनकर
टेटमचं नाव काढलंत... १२ मे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला निक्सशी चौथी मॅच. त्याने ४२ काढले होते त्या रात्री. पहिल्या दोन्ही मॅच आम्ही घरच्या मैदानावर वीस पॉइंट्सची आघाडी घालवून हरलो, त्याचं दुःख होतंच, पण तो पडला तेव्हा सिरीज डोक्यातूनच गेली. बायको म्हणाली, टीव्ही बंद कर. नाही करवलं.

सॅक्रॅमेंटोची_सून
हॅलिबर्टन आधी आमचा होता हो! २०२० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) बाराव्या नंबरला सॅक्रॅमेंटो किंग्सने घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रेड झाला, साबोनिस आला आणि हा गेला. त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले. खरं सांगते.

पण साबोनिस आल्यावर २०२३ ला १६ वर्षांनी प्लेऑफ्स आले. जिंकलं की अरीनावरून जांभळा प्रकाशझोत थेट आकाशात जायचा, आम्ही सगळे अंगणात येऊन बघायचो. सासूबाईही. त्यांना कौतुक याचं की किंग्सचे मालक रणदिवे मुंबईचे. वॉरियर्सशी सातवी मॅच झाली, करीने एकट्याने ५० केले आणि आमचं संपलं. तरी ते दोन आठवडे मी विसरणार नाही.

आता पेसर्सना पाठिंबा. हॅलिबर्टनसाठीच.

वरळी_सीफेस
पेसर्स म्हणजे माझ्यासाठी ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स विरुद्ध किंग्स, भारतात पहिल्यांदा एनबीएच्या मॅच! पहिल्या दिवशी स्टेडियम शाळकरी पोरांनी भरलेलं, आणि मॅच गेली ओव्हरटाइमला, १३२-१३१ पेसर्स. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेलो होतो. माइल्स टर्नर सराव करताना आमच्या बाजूला आला, ती त्याची उंची बघून माझ्या मागे लपली. आज ती स्वतः शाळेच्या संघात सेंटर खेळते. टर्नर या २०२५ च्या फायनलमध्येही पेसर्सकडूनच खेळतोय, म्हणून आमच्या घरात हा पक्ष ठरलेला.

नागपाडा_बॉईज
@वरळी_सीफेस कुठल्या शाळेत? आमची पण मुलींची टीम आहे, मॅच ठेवूया.

वरळी_सीफेस
व्यनि करतो.

थंडरवाला_पुणे
सगळे पेसर्सचेच? मग मी एकटा थंडरचा. ६८ जिंकले, १४ हरले असा सीझन, कारुसो आणि डोर्ट ज्या तऱ्हेने माणूस धरतात ते बघायला मी पाचला उठतो. डिफेन्सवर प्रेम करणारेही असतात.

एक गंमत सांगतो. २०१७ ला पेसर्सनी पॉल जॉर्ज आम्हाला दिला, बदल्यात ओलाडिपो आणि साबोनिस घेतले. आम्ही दोन वर्षांनी पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडर मिळाला, वर पिक्स (पुढच्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्क). त्यातल्याच एका पिकवर जेलेन विल्यम्स आला. तिकडे साबोनिस देऊन त्यांना हॅलिबर्टन मिळाला. म्हणजे ही अख्खी फायनल पॉल जॉर्जच्या त्या एका ट्रेडमधून उगवली आहे. आमचे मॅनेजर सॅम प्रेस्टी यांचा धीर बघा.

माझा अंदाज : सहाव्यातच संपवू.

डब्यावाली_आई
पहिली मॅच विसरलात का थंडरवाले? चौथ्या क्वार्टरमध्ये पंधराने पुढे होतात. ०.३ सेकंद उरलेले असताना हॅलिबर्टनचा शॉट, १११-११०. अख्ख्या मॅचमध्ये पेसर्सची आघाडी तेवढीच. माझी पोळी करपली त्या दिवशी.

थंडरवाला_पुणे
ताई, ते आठवण करून देऊ नका :(

जुना_खेळाडू_सांगली
आमची पिढी जॉर्डनची. जून ९८, युटा, सहावी मॅच, ८७-८६. शेजाऱ्यांकडे केबल होती, त्यांच्या दारात चपलांचा ढीग. आणि पेसर्सचा रेजी मिलर! ९५ ला न्यूयॉर्कमध्ये नऊ सेकंदांत आठ पॉइंट्स. तेव्हापासून मी मनाने इंडियानाचा. २००० ला लेकर्सनी फायनलला हरवलं तेव्हा जेवलो नव्हतो.

हॅलिबर्टनने खेळावं. असं व्यासपीठ पुन्हा मिळेलच असं नसतं. रेजीला एकदाच मिळालं.

टोरोंटोहून_परत
काका, तुमचं म्हणणं कळतं. पण ड्युरंटला त्यानंतरचा अख्खा सीझन बसावं लागलं. हेच डोळ्यापुढे येतं.

गोयंकार_पणजी
एक विचारू? सातातल्या चार जिंकायच्या, बरोबर? आणि मॅच कधी इथे कधी तिथे असं का?

नागपाडा_बॉईज
हो, चार. लीगमध्ये ज्याचा रेकॉर्ड चांगला त्याला पहिल्या दोन, पाचवी आणि सातवी घरी. म्हणून सातवी ओक्लाहोमाला होईल, झाली तर.

डब्यावाली_आई
(शुक्रवार) १०८-९१!!! हॅलिबर्टन खेळला! १४ पॉइंट्स, आणि तो मागे न बघता दिलेला पास!! टॉपिनने २०. आज डब्यात शिरा दिला आनंदाने.

टोरोंटोहून_परत
जिंकले, फरकही दहाच्या वर. छान चालत होता. पण तिसऱ्या क्वार्टरनंतर त्याला बसवलं तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

थंडरवाला_पुणे
अभिनंदन, मनापासून. सोमवारी भेटू, साडेपाचला.

बॉस्टनकर
सातवी मॅच म्हणजे वेगळाच प्रकार. माझी पैज शे गिल्जस-अलेक्झांडरवर, ३० पॉइंट्सच्या आसपास.

वरळी_सीफेस
(सोमवार) नाही. नाही. नाही.

नागपाडा_बॉईज
सात मिनिटांत तीन थ्री (तीन पॉइंट्सचे बास्केट) टाकले होते हॅलिबर्टनने, आणि पडला. हात जमिनीवर आपटत होता. मॅच बघवली नाही.

फिजिओ_मिरज
मागे कोणी हात लावला नाही, एकटाच पुढे निघाला आणि कोसळला. बघताक्षणी कळलं, अकिलीस. उजवा पाय, तोच.

लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन. तिघांचाही जर्सी नंबर शून्य.

जुना_खेळाडू_सांगली
तरी ही पेसर्सची पोरं हाफटाइमला एका पॉइंटने पुढे होती. मॅककॉनेल तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकटा झुंजला. १०३-९१ हा आकडा त्यांची लढाई सांगत नाही. खेळावं असं मीच म्हणत होतो आणि आजही म्हणेन, त्याचं स्वतःचं मन तेच होतं.

थंडरवाला_पुणे
विजेतेपद मिळालं. सिॲटलहून संघ आल्यापासूनचं पहिलं. शे ला २९ पॉइंट्स आणि १२ असिस्ट. खूप आनंद आहे, पण हॅलिबर्टन पडला तेव्हा मीही उभा राहिलो होतो. आमच्या घरात कुणी टाळी वाजवली नाही, धागाकर्ते.

टोरोंटोहून_परत
धन्यवाद. पुढच्या सीझनला तो नसेल, तेव्हा पूर्व विभागात माझा कौल न्यूयॉर्क निक्सला. पण तो परत येईल आणि चांगलाच खेळेल. ड्युरंट बघा, ३६ व्या वर्षीही २६ ची सरासरी. कालच त्याच्या ह्यूस्टनला ट्रेडची बातमी आली.

सॅक्रॅमेंटोची_सून
ह्यूस्टनला कोण आहे का इथलं? नणंद तिथे राहायला जातेय, ड्युरंटची मोठी फॅन. सीझन तिकिटांचं काय करावं लागतं?

डब्यावाली_आई
माझा चुलतभाऊ आहे शुगरलँडला. विचारून सांगते, आत्ता व्हॅन आलीये.