डग ऑल्टमनचे सायटेशन्स डोंगराएवढे, पण ट्रायल्सचं रिपोर्टिंग सुधारलं का?

बिनसाखरेचा_चहा
ऑक्सफर्डचे डग ऑल्टमन (२०१८ मध्ये गेले) म्हणजे मेडिकल स्टॅटिस्टिक्समधलं फार मोठं नाव, आणि ते निघालं की लोक लगेच सायटेशनचे (दुसऱ्या पेपरांनी किती वेळा हवाला दिला त्याचे) आकडे तोंडावर फेकतात. मोजायच्या दोन पद्धती किती जुळतात ते कसं बघायचं यावरचा, सहकारी ब्लँडसोबतचा १९८६ चा लॅन्सेट जर्नलमधला पेपर नेचरच्या २०१४ च्या सर्वाधिक सायटेड १०० मध्ये होता, वर कन्सॉर्ट (ट्रायल म्हणजे उपचाराच्या चाचणीच्या पेपरात काय काय लिहायचं याची चेकलिस्ट) आहे, प्रिझ्मा (सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी तशीच) आहे. सगळं मान्य. पण कन्सॉर्ट सायट करणं आणि कन्सॉर्ट पाळणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. "कन्सॉर्टनुसार रिपोर्ट केलंय" असं एक वाक्य मेथड्समध्ये टाकायचं, नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात तसं, आणि पुढे रँडमायझेशन (पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे ग्रुपांत वाटणं) कसं केलं याचा पत्ता नाही. याच माणसाने १९९४ मध्ये बीएमजेत लिहिलेलं की संशोधन कमी करा पण चांगलं करा. आता त्याच्याच नावाने पेपरांची जत्रा.

ओपीडी_नंतर
जरा थांबा. कन्सॉर्ट १९९६ चं, त्याआधी ट्रायलचा पेपर वाचून किती पेशंट घेतले, किती गळाले, का गळाले हे कळलं तर नशीब समजायचं. आज या हिशोबाचा फ्लो डायग्राम नसला तर बरीच जर्नल्स पेपर परत पाठवतात, ही सवय कोणी लावली? आणि १९९५ चा जामा जर्नलमधला पेपर आठवा, शुल्झ, चाल्मर्स, हेज आणि ऑल्टमन यांचा. २५० ट्रायल्स बघितल्या आणि जिथे अलोकेशन नीट लपवलं नव्हतं तिथे उपचाराचा फायदा ऑड्स रेशोच्या (दोन ग्रुपांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) हिशोबात सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला निघाला. म्हणजे पुढचा पेशंट कुठल्या ग्रुपात जाणार हे भरती करणाऱ्या डॉक्टरला आधीच माहीत असलं की नकळत का होईना हात फिरतो. हे मोजून दाखवलं म्हणूनच लोक सायट करतात हो, कोणी बंदूक लावलेली नाही.

मधूनच_डोकावणारा
ओपीडी यांना +१. बाकी ब्लँड-ऑल्टमन प्लॉट (दोन मोजमापांतला फरक दाखवणारा त्यांचा आलेख) नसता तर आमच्याकडे अजून दोन बीपी मशीनं कोरिलेशन ०.९ आलं म्हणून सारखी ठरवली असती.

बिनसाखरेचा_चहा
१९९५ च्या पेपरबद्दल वादच नाही, तो सोनं आहे. मी म्हणतोय त्यानंतर काय झालं. बेन गोल्डेकरच्या टीमचा कॉम्पेअर प्रकल्प बघा, छापलेल्या ट्रायल्स आधी ठरवलेल्याशी ताडून बघणारा. एनईजेएम, जामा, लॅन्सेट, बीएमजे आणि अ‍ॅनल्स, म्हणजे कन्सॉर्टला जाहीर पाठिंबा देणारी पाच जर्नल्स. ६७ ट्रायल्स तपासल्या, त्यातल्या फक्त ९ मध्ये आधी ठरवलेले आउटकम्स (ट्रायलमध्ये काय मोजायचं त्या गोष्टी) जसेच्या तसे होते. बाकीच्यांत काही गायब, काही गुपचूप घुसवलेले. चुका दाखवणारी पत्रं पाठवली तर बरीच छापलीच नाहीत. हे त्या पाच जर्नल्सचं, मग बाकीच्यांचं काय बोलायचं?

ओपीडी_नंतर
अहो पण आउटकम बदलतात हे २००४ मध्ये आन-वेन चॅनसोबत ऑल्टमननीच दाखवलं ना! कोपनहेगनच्या एथिक्स कमिट्यांकडचे प्रोटोकॉल (ट्रायल सुरू होण्याआधी लिहिलेले आराखडे) काढले, १०२ ट्रायल्स, छापलेल्या पेपरशी ताडून बघितले आणि ६२ टक्क्यांत निदान एक प्रायमरी म्हणजे मुख्य आउटकम बदललेला, नवा टाकलेला नाहीतर वगळलेला. तेव्हा कॉम्पेअरवाल्यांचा रस्ता तिथूनच गेलाय. त्याच माणसाचं काम वापरून त्याचा इम्पॅक्ट नाही म्हणताय, कमाल आहे.

थिसिसग्रस्त_रेसिडेंट
मी एमडी करतेय. आमच्याकडे कन्सॉर्टची चेकलिस्ट थिसिस संपल्यावर भरतात, सबमिशनच्या आदल्या रात्री, आणि पान नंबर अंदाजे टाकतात 😅 सीटीआरआय (भारतातली ट्रायल्सची नोंदवही) नंबर घ्यावाच लागतो पण तिथे प्रायमरी आउटकम काय लिहिलंय ते शेवटपर्यंत कोणी उघडून बघत नाही. प्रमोशनला पेपर मोजतात हो सर, चेकलिस्ट नाही मोजत.

ओपीडी_नंतर
मग ती चूक तुमच्या गाईडची आणि एडिटरची. ऑल्टमन तुमच्या डिपार्टमेंटला येऊन पानं तपासणार होते का?

बिनसाखरेचा_चहा
नाही, पण मग त्यांच्या सायटेशनच्या आकड्याला "ट्रायल्स सुधारल्याचा पुरावा" म्हणू नका एवढंच. या रेसिडेंटच्या थिसिसचा पेपर झाला की तोही त्या आकड्यात एकाने भर घालणार, आणि रात्री अंदाजे पान नंबर टाकणाऱ्या बाकी सगळ्यांचेही. २०२५ च्या नव्या कन्सॉर्टमध्ये आयटम २५ वरून ३० झालेत. तपासणारे किती वाढले ते सांगा.