मी २६, ते ४७... घरी कसं सांगू?

उदगीरची लेक:
नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहायले. गाव उदगीर तालुक्यात, बीकॉम करून चार वर्षं झाली संभाजीनगरला अकाउंटचं काम करते. तिथंच एका क्लायंटशी ओळख झाली, जालन्याचे आहेत, बियाण्याचा धंदा, वय ४७. सहा वर्षांपूर्वी फारकत झालेली, मुलगी दहावीला, ती आईकडं असते. दोन वर्षं झाली आम्ही बोलतो, फार समजून घेतात, कधी आवाज चढवून बोलले नाहीत, आमच्या घरात हे मी बघितलेलंच नव्हतं. आता लग्न करू म्हणायलेत. इकडं घरी स्थळं बघणं चालूय आणि अण्णांचं वय ५१, म्हणजे जावई सासऱ्याहून चारच वर्षांनी लहान, हे अण्णांपुढं बोलू तरी कशी. मैत्रिणी म्हणतात पैशाला भुललीस. पैशाचं नाही हो, खरंच नाही. कुणी असं लग्न केलंय का, खरं सांगा.

जालनेकर:
पूर्वी असायचंच की. न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई यांच्यात २० वर्षांचं अंतर होतं. मनं जुळली असतील तर करून टाका.

वकील, बीड:
ताई, वयाच्या आधी एक विचारतो, फारकत म्हणजे कोर्टाची डिक्री आहे का बॉन्डवर लिहून घेतलीय? आपल्याकडं चार माणसं बसवून बॉन्डवर सह्या घेतात अन झाली फारकत म्हणतात. एखाद्या समाजात तशी रूढी असली अन ती कोर्टात सिद्ध करता आली तर वेगळं, नाहीतर पहिलं लग्न कायद्यानं उभंच असतं. मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं तुमचं लग्न लग्नच ठरत नाही, त्यांच्यावर गुन्हा होतो अन उद्या वाटणीत बायको म्हणून तुम्हाला काहीच नाही. डिक्रीची नक्कल मागा, विश्वास नाही का म्हणाले तरी मागा. असली तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं करा, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. ती नोटीस ऑफिसात लागते, अण्णांना ती लागायच्या आधी तुमच्या तोंडून कळू द्या.

परळीची काकू:
रानड्यांचं उदाहरण कामून देता हो? १८७३ ला लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या, त्यांना कोण विचारलं होतं. न्यायमूर्ती १९०१ ला गेले अन रमाबाई १९२४ पर्यंत होत्या. ती मधली २३ वर्षं बघ बाई.
माझं सांगते, मी ५३, हे ७१. माणूस सोन्यासारखा. पण चाळिशीत मला कोजागिरीला तुळजापूरला पायी जायची लई हौस, सगळ्या निघाल्या, ह्यांची नुकती बायपास झालेली, मी घरीच. पोरगा बारावीत अन हे रिटायर. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घेऊन जाते. पस्तावा नाही मला, पण लग्नानंतर ह्यांच्या एका शब्दावर मी शाळेतली नोकरी सोडली होती, ती असती तर आज लेकाकडं हात पसरावा लागला नसता. तू सोडू नको, काही झालं तरी सोडू नको. आणि मला सांग, तू त्यांना हाक काय मारतेस? दोन वर्षांत एकदा तरी नाही म्हणालीस का त्यांना? तेव्हा ते कसे वागले?

उदगीरची लेक:
काकू, रात्रभर तेच डोक्यात होतं. हाक अजून सर अशीच मारते. नाही म्हणायची वेळच आली नाही असं वाटत होतं, पण मागच्या वर्षी पुण्याहून चांगली ऑफर आली तेव्हा मी जाते म्हणाले होते. आवाज तेव्हाही चढवला नव्हता, चार दिवस फोनच उचलला नाही, मग मीच ऑफर सोडली.
डिक्री काल मागितली. शोधून ठेवतो म्हणाले.