मदत हवी आहे: मेसच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याचा भयानक वास, सोमवारपर्यंत उपाय हवा

नाइलाज_समन्वयक | मंगळवार, रात्री 11:40

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. हॉस्टेलच्या मेसचं खरकटं टाकायला कॉलेजने खड्डा बांधलाय, तीन महिने झाले. खत काही होत नाही. वास असा सुटलाय की मुलींच्या हॉस्टेलच्या मागच्या खिडक्या दिवसभर बंद. अळ्या वळवळतायत. खत कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर तीनदा आणून टाकलं, नऊ हजार गेले, फरक शून्य. प्राचार्यांनी आज बजावलं की सोमवारी बाहेरची तपासणी समिती येतेय, त्याआधी वास घालवा, नाहीतर माती टाकून बुजवून टाका. मी इंग्रजी शिकवतो. हरित कँपस समितीचा समन्वयक कसा झालो ते विचारू नका (मीटिंगला उशिरा पोचलो).

कोणतं कल्चर चांगलं? नाव सांगा, उद्याच मागवतो. गुगल करा असं कृपया कोणी सांगू नका, केलंय.

टोपणनाव_सुचेना | मंगळवार, रात्री 11:58

मुलं किती? रोजचं खरकटं किती? खड्डा केवढा? जाळीचा की बांधीव? मीटिंगला उशिरा पोचलो हे लिहिलंत आणि खड्ड्याचं माप नाही लिहिलं. फोटू टाका.

नाइलाज_समन्वयक | बुधवार, सकाळी 7:15

मुलगे 260, मुली 180. खरकटं साधारण तीन मोठी पिंपं. खड्डा बऱ्यापैकी मोठा आहे. फोटो टाकण्यासारखा नाही, लोक जेवत असतील. कल्चरचं नाव?

आजीची_परसबाग | बुधवार, सकाळी 8:02

अहो, कल्चर कशाला विकत आणता! आंबट ताक शिंपडा, मूठभर जुनं खत टाका. माझ्या गच्चीवर तीन माठ आहेत, पाच वर्षांत एकदाही वास नाही. लिंबाची सालं आणि मासळी टाकायची नाही, बस. यंदा त्याच खतावर वांगी काय धरली आहेत, फोटो खाली देतेय.

गॅसवाले_काका | बुधवार, सकाळी 8:40

खड्डा हा प्रकारच चुकीचा. शिजवलेलं अन्न, त्यात आमटी-भात, म्हणजे बायोगॅसचं खाद्य. पुण्याच्या 'आरती' (ARTI) या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने घराघरात बसेल असं संयंत्र केलं, त्याला 2006 चं अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालं. मोठ्या प्रमाणावर हवं असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण संयंत्र आहे, डॉ. शरद काळ्यांचं. आमच्या कारखान्याच्या कँटीनला मी स्वतः बसवलंय. तुमच्याकडे रोज 60-65 किलो खरकटं निघत असेल तर पाच-सहा घनमीटर गॅस, म्हणजे पाच-सहा दिवसांनी एक घरगुती सिलिंडर वाचला. सोडा तो खड्डा.

टोपणनाव_सुचेना | बुधवार, सकाळी 8:51

काका, सोमवारपर्यंत बायोगॅस? कॉलेजात पंखा दुरुस्त करायला तीन कोटेशनं लागतात.

गॅसवाले_काका | बुधवार, सकाळी 9:10

मी कायमस्वरूपी उपाय सांगतोय. मलमपट्टी करायची तर करा.

नेकारकाठी | बुधवार, दुपारी 1:30

इथे जर्मनीत आमच्या विद्यापीठात प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, बाटली मशीनमध्ये परत दिली की पैसे परत. त्यामुळे कँपसवर बाटली पडलेली दिसत नाही, दिसली तर कोणीतरी उचलतोच. आपल्याकडे प्रत्येक कॉलेजने हे सुरू केलं पाहिजे.

टोपणनाव_सुचेना | बुधवार, दुपारी 1:44

ह्या खड्ड्यात बाटल्या नाहीत हो, अळ्या आहेत.

निवृत्त_स्थापत्य | बुधवार, दुपारी 3:05

समन्वयक महोदय, टेप घेऊन जा आणि लांबी, रुंदी, खोली लिहा. तळ कशाचा आहे तेही. या दोन गोष्टींशिवाय पुढचं सगळं हवेतलं आहे.

नाइलाज_समन्वयक | बुधवार, संध्याकाळी 6:20

मोजलं. 10 फूट लांब, 5 फूट रुंद, 3 फूट खोल. तळ सिमेंटचा. कंत्राटदाराने नीट कोबा करून दिलाय, घोटीव. काम चांगलं आहे, अडचण तिथे नाही. मेसच्या मावशी पिंपं आणून त्यात ओततात.

निवृत्त_स्थापत्य | बुधवार, संध्याकाळी 6:34

अडचण तिथेच आहे. तुम्ही खताचा खड्डा बांधलेला नाही, टाकी बांधलीय. पाण्याला वाट आहे का?

नाइलाज_समन्वयक | बुधवार, संध्याकाळी 6:41

वाट म्हणजे?

निवृत्त_स्थापत्य | बुधवार, संध्याकाळी 6:58

शिजवलेल्या अन्नात पाणीच जास्त असतं. त्यात आमटी, ताक, ताटं विसळलेलं पाणी. कोब्यातून ते जाणार कुठे? खाली साचतं, हवा बंद होते, आणि जे हवेत कुजायला हवं ते हवेविना सडतं. तुम्हाला येतोय तो सडण्याचा वास. आणि आकार पाहा: 150 घनफूट. 65 किलो खरकटं म्हणजे रोजचे चार घनफूट, त्यात तेवढाच किंवा दुप्पट सुका माल घातला तर बारा-अठरा दिवसांत खड्डा शिगोशीग. खाली बसतं ते धरून महिना. निदान दोन खड्डे हवेत, खरं तर चार, म्हणजे एक भरताना दुसरा पिकतो.

खतवाली_मंजू | बुधवार, रात्री 9:12

स्थापत्य काकांना अनुमोदन. मी दोन सोसायट्यांचं आणि एका वसतिगृहाचं खत बघते, म्हणून विचारते. सुका माल काय टाकता? पालापाचोळा, भुसा, कोकोपीट? आणि वास यायला लागल्यावर खड्ड्यात आणखी काय काय ओतलंत, ते सगळं सांगा. लाजू नका, सगळेच ओततात.

नाइलाज_समन्वयक | बुधवार, रात्री 9:50

सुका माल काही नाही, कल्चरवाल्याने तसं काही सांगितलं नव्हतं. वास आला की शिपाईमामा फिनाईल टाकतात. मागच्या आठवड्यात ब्लीचिंग पावडरही टाकली, डेंग्यूवाल्यांनी दिली होती. माझं डोकं उठलंय. इकडून खड्ड्याचा वास आणि सकाळी साडेसातला माळीमामा ग्राउंडच्या कडेला पाला जाळतात त्याचा धूर, पहिलं लेक्चर खिडक्या लावून घेतो.

खतवाली_मंजू | बुधवार, रात्री 9:53

थांबा. पाला जाळतात?

नाइलाज_समन्वयक | बुधवार, रात्री 9:57

हो, रोज. पानगळ चालू आहे ना. रेन ट्री आणि कडुनिंब मिळून चाळीसेक झाडं असतील. चार-पाच ढीग होतात.

टोपणनाव_सुचेना | बुधवार, रात्री 9:59

धन्य आहे. औषध जाळायचं आणि रोग्याला फिनाईल पाजायचं.

खतवाली_मंजू | बुधवार, रात्री 10:30

सर, नऊ हजारांचं कल्चर तुम्ही ब्लीचिंग पावडरने मारलंत. जिवाणू फुकट येतात, त्यांना जगू द्यायचं एवढंच काम. खरकट्यात नत्र जास्त, पाल्यात कर्ब जास्त, दोन्ही मिळून कर्ब पंचवीस-तीस भाग आणि नत्र एक भाग असं जमलं की वास येत नाही. हिशेब करत बसू नका, बादलीने मोजा: एक बादली निथळलेलं खरकटं, दोन ते तीन बादल्या चुरडलेला पाला.

उद्या सकाळी पहिलं काम, माळीमामांना गाठा. पाला जाळायचा नाही, पोत्यात भरायचा. दुसरं, खड्डा रिकामा करा. बुजवू नका, बुजवलात तर खाली सडतच राहील आणि पावसात वर येईल. आतला चिखल हॉस्टेलपासून लांब, मोकळ्या जमिनीवर, पाल्याच्या एक फूट थरावर पसरा आणि वरून पुन्हा पाला. दोन दिवस वास येईल, जास्तच येईल, मुलींना आधी सांगून ठेवा. तिसरं, मेसला भोकं असलेली क्रेट द्या, खरकटं त्यात रात्रभर निथळू द्या. निथळलेलं पाणी मोरीत जाऊ दे, झाडांना घालू नका, मीठ आणि तेल असतं. वरचा थर कायम पाल्याचा. भाताचं एकही शीत वरून दिसता कामा नये.

आणि अळ्या कशा आहेत? पांढऱ्या, टोकदार, की चपट्या, मातकट, कड्या-कड्यांच्या?

नाइलाज_समन्वयक | गुरुवार, सकाळी 8:10

जवळ जाऊन पाहिलं (रुमाल बांधून). चपट्या, मातकट. माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या लहान.

खतवाली_मंजू | गुरुवार, सकाळी 8:25

काळी सैनिक माशी. ती चावत नाही, अन्नावर घोंघावत बसत नाही, तुमचं काम करतेय बिचारी. फिनाईल पिऊनही जगली म्हणजे कमाल आहे.

भावा_कोल्हापूर | गुरुवार, सकाळी 10:02

काय लावलंय खड्डा खड्डा. आमच्या शिवाजी विद्यापीठात येऊन बघा एकदा. आठशेवर एकराचा माळ, तिथं तळी केली, पाणी अडवलं, आता झाडी बघा आन् मोर बघा. पाणी असलं की सगळं होतंय भावा. तुमच्याकडं विहीर हाय का?

शेंडी_तुटो | गुरुवार, सकाळी 11:15

हे सगळं फायलीसाठी चाललंय हे कुणी बोलणार की नाही? हरित समिती, हरित लेखापरीक्षण, पाच जूनला रोप लावतानाचा फोटो, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. पर्यावरण अभ्यासाचा विषय सक्तीचा आहे, त्याचे प्रकल्प आमच्या वेळी झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायचे, मुखपृष्ठावर फक्त नाव बदलायचं. समन्वयक सर, खड्ड्याच्या आधी खरकटं कुठे जायचं?

नाइलाज_समन्वयक | गुरुवार, दुपारी 12:40

आधी एक जण टेंपो घेऊन यायचा, डुकरांसाठी न्यायचा. फुकट. आमच्या हरित समितीने ते बंद केलं, हरित कँपसमध्ये बरं दिसत नाही म्हणून. म्हणजे मीच ठराव लिहिला.

शेंडी_तुटो | गुरुवार, दुपारी 12:46

म्हणजे अन्न कुणाच्या तरी पोटात जात होतं ते थांबवून तुम्ही ते सडवायला टाकी बांधलीत. बोलावा त्याला परत.

गुरांचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी 2:20

पुन्हा बोलावणार असाल तर एक अट घाला, त्याने खरकटं उकळून घातलं पाहिजे. 2020 पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फीवर आहे आणि तो न उकळलेल्या खरकट्यातून पसरतो. माणसाला होत नाही, पण त्याचा अख्खा कळप जाईल.

खतवाली_मंजू | गुरुवार, दुपारी 2:50

माझी हरकत नाही. निम्मं त्याला द्या, निम्म्याचं खत करा, म्हणजे एक खड्डा पुरेल. पण मग पाला जाळण्याचं काय? तो थांबलाच पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातलीय, साधा दंड 5,000 आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000.

कायद्याचं_बोला | गुरुवार, दुपारी 3:30

घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणारी संस्था मोठी कचरा उत्पादक ठरते, त्यात कॉलेजं आणि हॉस्टेलंही आली. लोक फक्त मेसचं वजन धरतात. त्यात सगळा कचरा धरायचा असतो, ऑफिसचे कागद, कँटीन, सगळं. तुमचे 65 किलो खरकटं आणि बाकीचं मिळून किती होतं ते तपासा, समितीसमोर आपण छोटे आहोत असं ठोकून देऊ नका.

मेसचा_बळी | गुरुवार, रात्री 10:15

मी विद्यार्थी आहे, दुसऱ्या कॉलेजचा. कुणी विचारलं नाही पण सांगतो. 440 मुलांचं 65 किलो खरकटं म्हणजे ताटात प्रत्येकी दीडशे ग्रॅम टाकतात. का टाकतात? पोळ्या चामड्यासारख्या असतात म्हणून. आमच्याकडे एनएसएसने मेसच्या दारात वजनकाटा ठेवला आणि फळ्यावर रोज आकडा लिहायला लागले. महिन्याभरात मुलं कमी वाढून घ्यायला लागली, पण खरा फरक पडला तो मेसवाल्याने तवे बदलल्यावर.

आजीची_परसबाग | गुरुवार, रात्री 10:40

पोळीचं पीठ निदान अर्धा तास तरी मुरायला हवं. तेलाचा हात लावून ठेवा.

गॅसवाले_काका | शुक्रवार, सकाळी 7:30

पोळ्यांवर आलात, म्हणजे बायोगॅसवर यायला अजून दोन दिवस लागतील. मी थांबतो.

नाइलाज_समन्वयक | शुक्रवार, रात्री 8:55

अपडेट. काल माळीमामांशी बोललो. ते म्हणाले, "मी दोन वर्षं सांगतोय पाला टाकायला जागा द्या, कुणी ऐकलं का? म्हणून जाळतो." आज एनएसएसची बारा मुलं आणि मामांनी मिळून 31 पोती भरली. खड्डा उपसायला बाहेरून दोन माणसं आणली. तळाशी वीतभर काळं पाणी निघालं, त्यात दह्याच्या पिशव्या, एक चमचा आणि कुणाचं तरी ओळखपत्र. वास कसा होता ते लिहीत नाही. मुलींच्या रेक्टर मॅडमनी फोनवर जे ऐकवलं तेही लिहीत नाही.

कोबा फोडू का?

निवृत्त_स्थापत्य | शुक्रवार, रात्री 9:20

पूर्ण फोडू नका. चार इंची सहा भोकं पाडून घ्या, कोअर कटरवाला अर्ध्या दिवसात करून देईल. वर विटांचे तुकडे, त्यावर काटक्या, मग पाला. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर जवळ आहे का? असेल तर भोकं पाडू नका, एका कोपऱ्याला उतार देऊन पाणी पाइपने बाहेर काढा.

नाइलाज_समन्वयक | शुक्रवार, रात्री 9:31

बोअर आहे. वीस फुटांवर.

निवृत्त_स्थापत्य | शुक्रवार, रात्री 9:33

हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं.

खतवाली_मंजू | शुक्रवार, रात्री 10:05

तोवर खड्डा सोडा. जमिनीवरच, बोअरपासून लांब, ढीग लावा, कमरेएवढा उंच. मूठभर माल घट्ट दाबून बघा, बोटांतून एखादा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा. चार दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर कुजण्याचं काम सुरू झालं. कोमट लागली तर ढीग वरखाली करा.

नाइलाज_समन्वयक | मंगळवार, संध्याकाळी 7:10

समिती काल येऊन गेली. ढिगाकडे फिरकलीच नाही, ग्रंथालय पाहिलं, चहा घेतला, ठरावाची प्रत मागितली. खिडक्या उघड्या होत्या. प्राचार्य खूश आहेत आणि आता म्हणतात बाजूला अजून तीन खड्डे बांधू, कोटेशनं आणा. कोबा नको असं लिहून दिलंय. टेंपोवाल्याचा नंबर लागला, तो उद्यापासून निम्मं नेतोय, उकळायचं कबूल केलंय.

सळई आज काढली. माळीमामांनी धरली आणि लगेच सोडली.

टोपणनाव_सुचेना | मंगळवार, संध्याकाळी 7:14

आता तरी फोटू?

नेकारकाठी | मंगळवार, रात्री 11:50

दह्याच्या पिशव्यांवर अनामत ठेवता येईल का?